कापूसमास्तरांचे दोन उन्हाळे

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांच्या कोटावर कापसाचा तंतू नाही, असा दिवस मी पाहिला नाही. लग्नकार्यालाही ते तसेच यायचे. सगळे त्यांना कापूसमास्तर म्हणत, आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. वऱ्हाडात कापूस पिकवणारे, विकणारे, त्यावरून भांडणारे रग्गड. पण त्यातून उष्णता आणि उजेड कसा पार होतो, याच्या मागे लागलेला माणूस हा एकच.

सर मूळचे अकोल्याचे. मूठभर पिंजलेला कापूस दिव्यापुढे धरून ते म्हणायचे, "उजेड यात शिरला का जुन्या शहरात शिरलेल्या पाव्हण्यासारखा होते. या गल्लीतून त्या गल्लीत. बाहीर निंगते, पण कुठून आलो ते त्याले सांगता येत नाई." मुले हसायची. मी त्या मऊ उजेडाकडे बघत राहायचे. घरच्या गादीत एवढे विज्ञान भरलेले असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

पुढे मी तिथेच प्रात्यक्षिके घेऊ लागले. त्या वर्षी सरांचा प्रबंध पुरा होत आला होता. दसऱ्याच्या आत तो विद्यापीठात गेला, तर दिल्लीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतली जागा त्यांची होती. जन्मभर त्यांनी हीच वाट पाहिलेली.

उन्हाळ्यात सगळे गाव करते तेच आम्ही केले होते. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत होतो. जूनमध्ये नळ आटले, ताट्या कोरड्या राहिल्या आणि त्याच कापसाचे आकडे एकदम बदलले. सर कितीतरी वेळ ताट्यांकडे बघत उभे राहिले. "ओल पिऊन राहिला होता हा कापूस," ते म्हणाले. "आपण गारव्यात बसलो अन् याचं बिघडवलं."

प्राचार्यांनी समजावले, फरक केसाएवढा आहे, कोण बघतो?

"साहेब, म्या पाह्यलं ना," सर म्हणाले.

त्यांनी उन्हाळाभराचे आकडे रद्द केले. दिल्लीची जागा दुसऱ्याला गेली. पावसाळी हवेत मोजण्यात अर्थ नव्हता; पुढच्या मे महिन्यात, ताट्या काढून, दारे-खिडक्या लावून घेऊन सरांनी सारे मोजमाप पहिल्यापासून केले. अमरावतीचे ऊन ज्याने सोसले आहे, त्यालाच हे कळेल. मीही बसायचे, कोणी सांगितले म्हणून नव्हे, त्यांना तसे सोडून घरी जायची लाज वाटायची. त्या घामाने थबथबलेल्या माणसापुढे मला देवळात वाटावे तसे वाटे.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. जागा मात्र त्यांच्यासाठी पुन्हा निघाली नाही. काही वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने बोलावले ते मला. हे सरांना सांगायला मी चार दिवस लावले. ते बडनेऱ्याला गाडीवर पोचवायला आले.

"रडून काहून राहिली?" ते म्हणाले. "तिथं सारे घाईत असतीन. तुले आकड्यावर शक आला का थांबजो. जागा गेली तं जाऊ दे."

पुढे एकदा तसे थांबावे लागले. बढती हुकली. हे ज्याला हक्काने सांगावे असा एकच माणूस होता, आणि सरांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.