रुमालाखाली ठरलेला फोन

मुलांनो, कोणत्या गोष्टीचा खर्च कोणी करायचा याबद्दल आयुष्यात कधी शंका न पडलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे वाशीतले आमचे घरमालक. तुमची आई लग्न होऊन अमेरिकेला गेली, पाठोपाठ आजोबांची बदली झाली, आणि आम्ही या मालकांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. ते वर राहत. मूळचे साताऱ्याकडचे; पांढरा शर्ट, पांढरा लेंगा आणि खांद्यावर भला मोठा पांढरा रुमाल. फळबाजारात त्यांचा आंब्याचा गाळा होता, आणि बाजाराचा कायदा त्यांनी घराला जसाच्या तसा लावला होता. बाजारात वजनकाट्यापर्यंतची हमाली माल आणणाऱ्याची, काट्यापुढची माल नेणाऱ्याची. घरात काट्याच्या जागी उंबरा. म्हणून दाराबाहेरचा दिवा गेला की ते बदलत, आतला आम्ही. दारावरच्या बेलचा मात्र पेच पडला, कारण बटण बाहेर आणि घंटा आत. त्यांनी तत्काळ बटण बसवून दिलं आणि घंटा आमच्यावर सोडली. ती आणायला आम्हाला बरेच दिवस लागले. तोवर पाहुणे बटण दाबत, वाट पाहत, आणि मग मुकाट्याने कडी वाजवत.

कोणतीही नवी वस्तू दिसली की ते ती आधी अंगठ्याने हलकेच दाबत आणि मग नाकाशी नेत. आमचा सोफा त्यांनी दाबून पाहिला, आजोबांची ब्रीफकेस हुंगून पाहिली. माणसांनाही तेच माप. आजोबांच्या ऑफिसातले एक तरुण साहेब चहाला येऊन गेले, तेव्हा मालक जिन्यात थांबून मला म्हणाले, "देठाला अजून हिरवे हायत, वहिनी. जरा थांबा, गोड लागतील." आणि पुढे ते साहेब खरोखरच बरे निघाले.

टेलिफोन त्यांच्या गाळ्यावर होता, पण घरी त्यांनी तो येऊ दिला नव्हता. "घरी फोन आला की बाजार घरात येतो. मग माणसानं जेवायचं कुठं?"

आम्हाला मात्र फोन हवा होता, आणि लवकर हवा होता. तुमच्या आईला दिवस गेले होते. तिथे तिच्याजवळ तुमच्या बाबांशिवाय कोणी नाही, आणि ते दिवसभर कामावर. ती कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे फोन करी, तिथून मला निरोप येई, आणि मी धापा टाकत पोचेपर्यंत निम्मा वेळ संपलेला असे. उरलेल्या वेळात, खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या लोकांदेखत, लेकीला विचारायचं तरी काय? पायांवर सूज आहे का, एवढं विचारून मी रिसीव्हर ठेवी. दुकानाचं शटर खाली असताना तिचं पोट दुखू लागलं तर ती कोणाला सांगणार?

फोनसाठी अर्ज कधीचा केलेला होता. मालक येताजाता विचारत, "आढीत घातलाय न्हवं? मग हलवू नका. पिकंल." अखेर तो पिकला. नंबर लागला, आणि प्रश्न उभा राहिला, की तार आणायची, भिंतीला भोक पाडायचं, हा सगळा जोडणीचा खर्च कोणाचा? मालक आमच्या सोफ्यावर येऊन बसले. त्यांचा कायदा पहिल्यांदाच अडखळला.

"तार भाईरनं येणार, म्हंजी माझी," ते म्हणाले. "पर फोन तुमच्या नावावर. घर सोडताना तुम्ही घिऊन जाणार, म्हंजी माल तुमचा. मग ह्यात मी कोण?"

"मालक," आजोबा म्हणाले.

"तसं न्हवं, भाऊ. ह्यात मी नुसता गाळा. गाळा कधी हमाली भरतो काय?"

"पण भिंतीतलं भोक तर तुमच्याच घरात राहणार."

"भोक घिऊन मी काय करू? त्यात आंबाबी राहायचा न्हाई."

मला राहवेना. मी म्हटलं, "मालक, तुमचा निकाल सावकाश लागू दे. तोवर तार तरी येऊ द्या. पोरीला आठवा लागलाय."

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. त्या काळी फळबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात रुमालाखाली जात आणि बोटं धरून, दाबून सौदा ठरे. भोवतालच्यांना काही कळत नसे. "बोला भाऊ, तुमचं काय म्हणणं," म्हणत त्यांनी आजोबांच्या हातावर रुमाल टाकला. आजोबांना त्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. रस्ता ओलांडताना लहान मूल धरतं तशी त्यांनी मालकांची मूठच गच्च धरली.

मालक हात सोडवून उठले. मग रुमालाची घडी करून म्हणाले, "ठरलं. समदं माझ्याकडं. रुमालाखालचा शब्द फिरत न्हाई." आजोबा काही बोलणार, तोवर ते जिना चढूनही गेले होते.

भोक कुठे पाडायचं ते त्यांनी भिंत अंगठ्याने दाबून ठरवलं. फोन हुंगून पास केला. त्यानंतर फोनची घंटा वाजली की ते "तार नीट चालतीय का बघायला" खाली येत. ईशान, तू झालास ती बातमी आली तेव्हाही ते दारात उभे होते. तुझ्या बाबांनी तिकडे रिसीव्हर तुझ्याजवळ धरला, मी इकडे तो मालकांच्या कानाला लावला. त्यांनी तुझं रडणं डोळे मिटून ऐकलं. "चांगला भरल्याला आवाज हाय," ते म्हणाले, आणि रिसीव्हर मला परत दिला. "फोन तिकडनं आलाय, हमाली तिकडची. बोला सावकाश."

पुढे आम्ही ऐरोलीला स्वतःच्या घरी गेलो. निघताना जोडणीचा खर्च परत करायचाच, असा आजोबांचा हट्ट. मालकांनी पुन्हा रुमाल टाकला, आजोबांनी पुन्हा आत्मविश्वासाने मूठ धरली. मालक खांदे हलवत हसले.

"भाऊ, मूठ धरली म्हंजी सौदा मोडला. त्या दिशीबी तुम्ही मोडलाच हुता."

"मग सगळा खर्च तुम्ही का केलात?" मी विचारलं.

त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "आंबा वाटंवर असताना हमालीवर कोण भांडतं, वहिनी?"

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली तुम्ही मला हातातल्या फोनवर दिसता, आणि थोडं बोलून झालं की म्हणता, "आजी, ठेवू?" मी म्हणते, सावकाश. हा शब्द माझा नाही, त्यांचा आहे.