अकोल्याची मान्यता

तायडे मॅडम फोनवर कोणालाही पहिलं वाक्य पूर्ण करू देत नसत. पलीकडून "मॅडम, पासवर्ड विसरलो" एवढं ऐकू आलं की त्या म्हणायच्या, "फोन ठेवा, मी इकडून लावते." मग आपल्याकडे नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून माणूस तोच आहे याची खात्री करायच्या आणि मगच पुढचं बोलायच्या. माझा मोबाइल बदलला तेव्हा मी शेजारच्या टेबलावरून म्हणालो, "मॅडम, माझा लॉगिनचा कोड नव्या फोनवर घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला फोन लावला. हातभर अंतरावर बसून मी कानाला फोन लावून म्हणत होतो, "हो, मी राऊतच बोलून राहिलो." सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो.

अमरावतीतल्या एका शिक्षण संस्थेत आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो. पदवी सारखी, मार्क माझे जास्त. संस्थेच्या शाळा-कॉलेजांतल्या माणसांची अकाउंटं उघडायची, सोडून जाणाऱ्यांची बंद करायची, कोणाला काय दिसावं ते ठरवायचं आणि पासवर्डच्या जोडीला मोबाइलवर येणारा कोड प्रत्येकाला सुरू करून द्यायचा, हे आमचं काम. मुख्य ॲडमिन मात्र त्यांना केलं आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते हे लिहितानाही थांबलेलं नाही.

नव्या शिक्षकाचं अकाउंट मी चहा यायच्या आत उघडून देई. मॅडम त्याला समोर बसवत, गाव विचारत, काय शिकवतो ते विचारत, आणि त्याच्या कामापुरतंच उघडून देत. वेळ लागायचा. तरी फोन आला की लोक विचारायचे, "तायडे मॅडम आहेत का?" मी म्हणायचो, "मी आहे ना, बोला." "नाही, राहू द्या. त्या आल्या की करतो." त्या 'राहू द्या'नं माझा किती जळफळाट व्हायचा ते मलाच ठाऊक.

भातकुलीच्या शाळेत तर कमाल झाली. तिथल्या सगळ्या मास्तरांनी कटकट नको म्हणून कोडसाठी एकच नंबर दिला होता, लिपिक गजाननभाऊंचा. अकाउंटं मीच उघडली होती आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. गजाननभाऊ भाचीच्या लग्नाला बार्शीटाकळीला गेले. गुण भरायचा शेवटचा दिवस होता. तिकडे बँडच्या आवाजात त्यांचा फोन खिशात वाजत राहिला आणि इकडे अख्खी शाळा संगणकासमोर हात बांधून बसली.

मॅडम मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. एसटीनं भातकुलीला गेल्या आणि स्टाफरूममध्ये बसून एकेकाच्या स्वतःच्या मोबाइलवर कोड सुरू करून दिला. "ज्याचा कोड त्याच्या खिशात," त्या सांगत होत्या. "दुसऱ्याच्या खिशात ठेवला त तो वरातीत नाचते अन् तुमी इथं बसता." एका बाईंकडे स्वतःचा फोन नव्हता, घरात एकच, तोही नवऱ्याकडे. त्यांच्यासाठी मॅडमनी कोडऐवजी संगणकाला लावायची, पेनड्राइव्हसारखी छोटी किल्ली संस्थेकडून मागवून घेतली. त्या बाई पुढे अमरावतीला आल्या की मला ओलांडून थेट मॅडमच्या टेबलाशी जायच्या.

मग सचिवसाहेबांचं झालं. संस्थेचे सर्वेसर्वा तेच. बैठकीत बसलेले असताना कोड विचारला जातो म्हणून वैतागले होते. "माझ्यापुरतं ते काढून टाका," ते म्हणाले. मी 'हो साहेब' म्हणणारच होतो, तेवढ्यात मॅडम बोलल्या, "साहेब, आमच्या अकाउंटात घुसून चोराले काय भेटन? साऱ्याइच्या पगाराची मंजुरी तुमच्या अकाउंटातून होते. सगळ्यात आदी तुमालेच कोड लागते." कोड तसाच राहिला. दोन आठवड्यांनी मॅडमची संस्थेच्याच अकोल्याच्या कॉलेजात ॲडमिन म्हणून बदली झाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, घरी जाताना मी पेढे घेतले. निरोपाला मात्र भातकुलीच्या त्या बाई येऊन रडल्या आणि माझा पेढा कडू झाला. माझी बदली झाली असती तर रडायला कोण आलं असतं?

मॅडमची खुर्ची मला मिळाली. जाण्याआधी त्यांनी एक नियम करून ठेवला होता: पदाधिकाऱ्यांच्या अकाउंटात बदल करायचा तर अमरावती आणि अकोला, दोन्हीकडच्या ॲडमिनची मान्यता लागेल. महिनाही झाला नसेल, सचिवसाहेबांनी मला बोलावलं. "राऊत, ते कोडचं काढ आता," म्हणाले. मॅडमना ते 'काढून टाका' म्हणाले होते, मला 'काढ'. मी हो म्हणालो, टेबलाशी आलो आणि मान्यतेची विनंती अकोल्याला पाठवली. लगेच फोन वाजला.

"काहून काढून राहिले, राऊतभाऊ?"

"सायबानं सांगतलं."

"मी त मान्यता नाई देत. पण तुमी साहेबाइले काय सांगसान? अकोल्याची बाई आडवी आली म्हणून सांगा, मले चालते. माही बदली होऊनच गेली, आता अजून कुठं पाठवतीन? का मंग तुमाले सोताले पटत नाई म्हणून सांगता?"

त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती. पण माझ्या डोळ्यांसमोर उद्याचं ऑफिस आलं. लोक म्हणणार, पाहा, अकोल्यात बसूनही तायडे मॅडम हटल्या नाहीत. नकारही त्यांचाच, मान त्यांचाच, आणि मी नुसता निरोप्या. ते मला सहन होईना. धैर्य वगैरे काही नव्हतं, निव्वळ मत्सर होता. त्याच तिरीमिरीत मी सचिवसाहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, ते काढता येत नाई," मी म्हणालो. "अन् तायडे मॅडमचा यात काई संबंध नाई. हे मी म्हणून राहिलो."

साहेबांनी चष्मा काढला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "बरं, राहू दे," म्हणाले. नोकरीत पहिल्यांदाच माझी छाती जरा फुगली. मी दाराशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"तायडे बाईनं तयार केलं बा तुले चांगलं."