शेवटच्या राजाचे रुपये

माझ्या चुलत वहिनीला तिच्या बापाने लग्नात चांदीच्या नऊ रुपयांची माळ घातली होती. मुरबाडकडचा भातशेती करणारा माणूस. स्वतःच्या आईच्या गळ्यातली माळ त्याने लेकीला दिली, ऐपत तेवढीच होती. किन्हवलीच्या घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी तिच्या सासूने, म्हणजे माझ्या काकीने, माळ बघून नाक मुरडलं. काकीचे रुपये राणीछाप, पांढरेशुभ्र. वहिनीचे पिवळट. "बापानं डुप्लिकेट रुपये बांधून लेक धाडली," हे वहिनीने पंचवीस वर्षं ऐकून घेतलं.

मला जुनी नाणी जमवायचा नाद. वहिनी मला 'भंगारवाले भावजी' म्हणायची आणि सगळं घर हसायचं. मीही हसायचो, पण मनात जळायचो.

वहिनीच्या मुलाचं लग्न ठरलं. आपली माळ सुनेच्या गळ्यात घालायची, एवढीच तिची हौस. काकी म्हणाली, आधी पारख करा. मीच माळ शहापूरच्या सोनाराकडे नेली. त्याने कसोटीवर घासून जे सांगितलं, ते मला आधीच माहीत होतं. राणीच्या रुपयात जवळजवळ सगळी चांदी, तिच्यानंतरच्या टकल्या राजाच्याही रुपयात तेवढीच. शेवटच्या राजाच्या वेळी महायुद्ध लागलं, चांदी पुरेना, तेव्हा इंग्रज सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वहिनीचे नऊही रुपये त्या राजाचे होते. सरकारी टांकसाळीतले, अस्सल.

हळदीच्या मांडवात काकीने सगळ्यांसमोर विचारलं, "भेसळ हाय का नाय, येवढंच सांग."

वहिनीचा बाप समोर खुर्चीत बसला होता, नवी टोपी घालून. वहिनी माझ्याकडे बघत होती. सरकारचं, महायुद्धाचं सगळं माझ्या जिभेवर होतं.

"आहे," मी म्हणालो. "निम्मी."

आणि गप्प बसलो. लाज वाटते, पण सांगतो, त्या क्षणी मला मजा आली. कोणीतरी फसकन हसलं. म्हातारा न जेवता उठला आणि मुरबाडची एसटी धरून निघून गेला. नव्या सुनेच्या गळ्यात काकीची माळ पडली.

गेल्या वर्षी म्हातारा वारला. दहाव्याला गेलो तेव्हा वहिनी मागच्या दारी एकटीच भांडी घासत होती. मी सगळं सांगून टाकलं, सोनार काय बोलला तेही. तिने हात थांबवला नाही.

"ठाऊक हाय मला. लग्न उरकल्यावर मीच सोनाराकडं जाऊन आले."

"मग बाबांना नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. लय वेळा सांगितलं." तिने टोप पालथा घातला. "मरेस्तोवर एकच बोलायचा. तुझा दीर शिकलेला माणूस हाय गो, तो खोटं कशाला बोलंल?"