खोबरेल पाजलेली रायफल

आमचे हे, राजाभाऊ, हातखंब्याजवळचे आंबावाले. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचे नाहीत. मामंजींची जुनी बोल्टची रायफल परवान्यासकट यांच्या नावावर झाली, मग तर विचारूच नका. पोरांना कधी न्हाऊ घातलं नाही, रायफलीला मात्र दर रविवारी अभ्यंग. पडवीत जुनं धोतर अंथरायचं, बोल्ट काढून पुसायचा, गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवायची, आणि वर माझ्या शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब. मोहर आला की वानरं पळवायला हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम.

२००२च्या जानेवारीत ते तेल संपलं. मी म्हटलं, रत्नागिरीला जाल तेव्हा आणा. तर म्हणे, घरच्या नारळांचं घाण्यावरचं खोबरेल असताना विकतचं कशाला? आमच्याकडे खोबरेल सगळ्याला चालतं, डोक्याला, भाजल्याला, कुरकुरणाऱ्या दाराला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगलं सढळ हातानं ओतलं त्यांनी, बोल्टमध्ये आणि चापाच्या फटीतही.

मग थंडी पडली. न्हाणीतली खोबरेलाची बाटली थिजली, ती मी चुलीजवळ नेऊन ठेवली. रायफलीचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. अक्कल गेली होती चरायला!

सकाळीच वानरं आली, शिंची. हे अंगणात उभे, मी त्यांचा चहा घेऊन पडवीत. यांनी चाप ओढला, तर काहीच नाही. काडतूस फुसकं निघालं म्हणत रायफल खाली घेऊन माझ्याकडे वळले. बार उडाला नाही तर नळीचं तोंड बागेकडेच धरून थांबायचं, हे यांनीच मला येताजाता ऐकवलेलं. वळताना रायफलीचा दस्ता पायरीवर आपटला आणि बार उडाला.

गोळी माझ्या कानाशेजारून खांबात शिरली. मला काही ऐकू येईना. यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि मी मेले की आहे तेच कळत नव्हतं. यांनी तिथेच बसून बोल्ट बाहेर काढला. आत खोबरेल तुपासारखं पांढरं गोठलेलं. चाप अर्ध्यात अडकून राहिला होता. दोघांनीही पाहिलं ते.

दुपारी शेजारचा काशीराम आणि चारजण चौकशीला आले. माझे कान एव्हाना उघडले होते, मी आत पोहे करत होते. आणि बाहेर आमचे हे सांगताहेत, रायफलीत काही दोष नव्हता हो, हीच मध्ये आली. माझ्या हातातला झारा गळून पडला. गोळीनं जेवढी हादरले नव्हते, तेवढी त्या वाक्यानं हादरले.

तशीच बाहेर गेले. सगळ्यांसमोर विचारलं, "मी मेले असते, तर माझ्या तेराव्यालाही हेच सांगितलं असतंत?"

यांची मान खाली गेली ती वर आली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन रायफल पोलीस ठाण्यात जमा करून आले. माफीही मागितली, अगदी रडून. मी दिली.

पण अजून, हे हातात काही लांबसं घेऊन, साधी छत्री का असेना, माझ्याकडे वळले की मी दाराआड होते. त्यांना ते दिसतं. ते छत्री खाली ठेवतात आणि मी बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहतात.