बहुमताने निवडून आलेला बोर्ड

आमच्या घरात एक सर्किट बोर्ड बहुमताने निवडून आला आणि निवडून येताच त्याने काम करायला साफ नकार दिला.

यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. (म्हणा. दर निवडणुकीनंतर मीही चौकात उभी राहून हेच ओरडते.) पण हा बोर्ड म्हणजे माझ्या वहिनीच्या धंद्याचा प्रश्न होता!

वहिनी म्हणजे सारिका, मेकॅनिकल डिप्लोमावाली. नवी मुंबईतल्या शिरवण्यात आमचं घर आणि घराखाली एक गाळा. त्या गाळ्यात तिने स्वतःच्या हातांनी एक सीएनसी मशीन उभं केलं होतं. संगणकावर नक्षी काढायची आणि मशीनने ती प्लायवूडमध्ये कोरायची. तिला त्यावर नावाच्या पाट्या, देव्हारे, मखरं बनवून विकायची होती. बाबांना मात्र तोच गाळा एपीएमसी बाजारातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचा होता. बरीच धुसफूस झाल्यावर बाबांनी निकाल दिला.

"सारिका, औंदा गनपतीचा मखर तुझ्या मशीनवर झाला, त गाला तुझा. नाय झाला, त कांदा येल."

मखर मशीनवर व्हावं ही माझीही लढाई होती. थर्माकोलच्या मखराविरुद्ध मी आख्ख्या शिरवण्यात पत्रकं वाटलेली, आणि आमच्याच घरात दरवर्षी माळ्यावरून थर्माकोलचा मोर उतरायचा! लोक मला मोराची तब्येत विचारायचे.

मशीनचा सांगाडा तयार होता. तीन मोटरी बसल्या होत्या: एक डावी-उजवीकडे नेणारी, एक पुढे-मागे, एक वर-खाली. कुठल्या मोटरने कधी आणि किती फिरायचं हे सांगणारा मेंदू तेवढा राहिला होता. त्याला म्हणतात मोशन कंट्रोलर बोर्ड.

"मला साधा तीन मोटरींचा बोर्ड पुरे," वहिनी म्हणाली. "बिघडला तर इथल्या इथे दुरुस्त होणारा."

विषय संपला होता. पण त्या घरात मी राहते!

"असा एकटीने निर्णय घेणं ही हुकूमशाही आहे," मी म्हणाले.

"अगं प्राजू, मशीन माझं आहे."

"प्रत्येक हुकूमशहा हेच म्हणतो!"

मी ताबडतोब पत्रक काढलं: 'बोर्ड कुणाचा? घराचा!' (घरात माणसं चार. पण मला थोडी पत्रकं छापताच येत नाहीत. उरलेली आळीत वाटली.) आणि रविवारी जेवणानंतर गाळ्यात सभा भरवली.

दादा, म्हणजे माझा भाऊ आणि वहिनीचा नवरा, न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. दिवसभर कंटेनर बघून त्याला लहान वस्तू दिसेनाशाच झाल्यात. तो म्हणाला, "तीन मोटरींचा कशाला? सहाचा घे. उद्या मोठं मशीन घेतलं तर?"

"आजचं तर चालू दे," वहिनी म्हणाली.

बाबांनी तिच्या मोबाइलवरचे फोटो बोटाने मोठे करकरून पाहिले. "यो लय बारीक हाय. वजन पायजे. न मोठा लाल बटन पायजे. बटन नाय त मशीन कसला?"

मी तत्त्वाचा मुद्दा मांडला. बोर्डाचं प्रोग्रॅमिंग सगळ्या जगाला उघडं असलं पाहिजे! बंद पेटीतली दडपशाही या घरात चालणार नाही! (प्रोग्रॅमिंग उघडं असलं तरी मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण माहितीचा अधिकार म्हणजे अधिकार.)

मतदान झालं. मतदार चार, उमेदवार चार, प्रत्येकाला एकेक मत. मग आमच्या घरात जे लग्नपत्रिकेचं होतं तेच झालं. आमच्याकडे पत्रिकेवर एका चुलत मामाचं नाव राहिलं तर पुढची दोन लग्नं तो मांडवाबाहेर उभा राहतो. म्हणून पत्रिका चादरीएवढी करतात आणि नवरा-नवरीची नावं मावतील तिथे घालतात. तसाच बोर्ड शोधला. दादासाठी सहा मोटरींची सोय, बाबांसाठी वजन आणि सोबत खोक्यातच लाल बटण, माझ्यासाठी उघडं प्रोग्रॅमिंग. त्यात तीन मोटरीही चालत होत्या, हा वहिनीचा मान. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर! वहिनी तेवढी कपाळाला हात लावून बसली होती. मी तो हात 'बाजूने' धरला.

वाशीच्या एका दुकानातून बोर्ड आला. वहिनीने वायरी जोडल्या, संगणक लावला, बाबांनी नारळ फोडला. मशीन ढिम्म! पडद्यावर एकच शब्द: अलार्म.

वहिनीने पुन्हा चालू केलं. अलार्म. दादाने बोर्डावर फुंकर मारली. अलार्म.

"यो त संपावर गेला," बाबा म्हणाले.

"फसवणूक!" मी म्हणाले.

"प्राजू, एक मिनिट थांब," वहिनी खोकं उलटंपालटं करत म्हणाली. "यात एक..."

मी थांबले नाही. अन्याय दिसल्यावर एक मिनिट थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही! गणपती तोंडावर आलेले, वहिनीचा गाळा कांद्याच्या घशात चाललेला, आणि वाशीत तो दुकानदार पंख्याखाली बसलेला!

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मोर्चावाल्या ग्रुपच्या मैत्रिणींना घेऊन दुकानासमोर हजर. हातात ताजी पत्रकं: 'ग्राहकांनो, जागे व्हा! मेलेला बोर्ड जिवंत म्हणून विकणाऱ्यांचा धिक्कार असो!' घोषणा अशा रंगल्या की शेजारचा ज्यूसवाला ताल धरायला लागला.

दुकानदार बाहेर आला. मध्यमवयीन, चष्मेवाला, शांत. (शांत माणसांवर माझा मुळीच विश्वास नाही.)

"मॅडम, पडद्यावर काय दाखवतोय?"

"अलार्म!"

"लाल बटण जोडलंय का?"

"विषय बदलू नका!"

"विषय तोच आहे हो. ते इमर्जन्सीचं बटण. ते जोडलेलं नसलं की बोर्ड समजतो धोका आहे, आणि एकही मोटर हलू देत नाही. कुणाचा हात कापला जाऊ नये म्हणून."

"म्हणजे दोष ग्राहकाचा? ऐका, ऐका मित्रांनो..."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"प्राजू, घोषणा देतेयस का?"

"देतेय! माघार नाही!"

"घे माघार. लाल बटण सापडलं."

"कुठे?"

"पाण्याच्या पंपावर."

मागून बाबांचा आवाज येत होता. "पंपाचा जुना बटन शॉक मारीत व्हता! न यो येवरा चांगला खोक्यात नुसता परलेला! मना काय म्हाईत त्याच्यात मशीनचा जीव हाय त!"

फोन स्पीकरवर होता. हे मला मैत्रिणींच्या चेहऱ्यांवरून कळलं. ज्यूसवाल्याचा ताल थांबला. दुकानदाराने चष्मा पुसला आणि फक्त विचारलं, "पाणी घेणार?"

घरी आले तेव्हा बाबांना पंपासाठी नवीन बटण मिळालं होतं आणि लाल बटण मशीनवर आलं होतं. वहिनीने ते फिरवून मोकळं केलं. अलार्म गेला. मोटरींनी हलकासा सूर लावला आणि कोरणारं टोक सरसर सरकत प्लायवूडवर उतरलं. भुसा उडाला, आणि भुशातून कमळाची पहिली पाकळी वर आली. मी घोषणा द्यायलाच विसरले! (हे वहिनीने नंतर सगळ्या आळीला सांगितलं.)

मग बाबांनी सहज लाल बटण दाबलं. मशीन जागच्या जागी थांबलं.

"थांबला?"

"थांबला, बाबा."

"माझ्या सांगन्यावर थांबला!" बाबांचा चेहरा असा उजळला, की त्यांच्या सांगण्यावर या घरात आजवर कुणीच थांबलं नव्हतं हे मला पहिल्यांदा जाणवलं.

मखर वेळेवर झालं. कमळं, वेली, आणि वहिनीने मुद्दाम कोरलेला एक प्लायवूडचा मोर. आरतीला आलेले लोक गणपतीला हात जोडून थेट गाळ्यात उतरत होते, मशीन बघायला. दोन घरांनी पुढच्या वर्षीचं मखर सांगूनही टाकलं. कांदेवाल्याला बाबांनी स्वतः फोन केला, "गाला गेला, शेट." अट एकच घातली: त्यांची खुर्ची लाल बटणाशेजारी राहणार. मशीनच्या तीन मोटरी आजही चालतात, उरलेल्या तीन जागा मानाने रिकाम्या आहेत. दादा अधूनमधून त्यांच्याकडे अभिमानाने बघतो.

मखरानंतर मशीनवर लागलेली पहिली ऑर्डर माझी. दुकानदाराची जाहीर माफी, प्लायवूडवर कोरून. मजकूर अर्थात मीच लिहिला: 'आम्ही चुकलो. परंतु बटण जोडण्याची सूचना मराठीत ठळक न देणाऱ्या व्यवस्थेला आम्ही विचारू इच्छितो की...' आणि पुढे चार परिच्छेद.

मशीन कोरू लागलं. पहिलं वाक्य पूर्ण झालं, पूर्णविराम उमटला, आणि बाबांनी लाल बटण दाबलं.

"बास. येवराच पुरे."

"बाबा, ही मुस्कटदाबी आहे!"

"हा," बाबा म्हणाले, आणि वहिनीने पाटी तिथेच कापली.

ती पाटी आता त्या दुकानाच्या काउंटरवर आहे. मी आजवर काढलेलं हे सगळ्यात छोटं पत्रक. आणि लोकांनी शेवटपर्यंत वाचलेलं पहिलंच.