जाळ्याची कड

"नवीन मिस आहे ना, ती काही बोलत नाही. तिला कापायला बसवा."

स्टाफरूमचं दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर कार्डशीटचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते. आवाज क्राफ्टच्या टीचरांचा होता. त्यात वाईट असं काही नव्हतं. कपाटाची किल्ली जरा कडक आहे हे सांगावं, तशा त्या बोलल्या होत्या. मी थोडा वेळ थांबले आणि मग आत गेले, म्हणजे मी काही ऐकलेलं नाही असं वाटावं.

नेरुळच्या त्या शाळेत माझं पहिलं वर्ष होतं. प्रायमरीला असिस्टंट टीचर. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी मराठी होतं, पण घरी बोलायला असायचं कोण? आई-बाबा दोघंही नोकरीवरून आठला येणार, तेही दमलेले. त्यामुळे माझं मराठी ऐकून आलेलं आहे, बोलून नाही. स्टाफरूममध्ये गप्पा इतक्या भरभर चालायच्या की मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय कुणाच्या तरी नणंदेवरून साबुदाणा वड्यावर गेलेला असायचा. मग मी नुसतीच हसायचे. काही दिवसांनी डबा घेऊन क्राफ्टरूममध्येच बसायला लागले. कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला बरं वाटायचं की वाईट, हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी ॲन्युअल डेचा विषय होता 'आपली खाडी'. सजावटीच्या मीटिंगमध्ये कल्पनांचा पाऊस पडला. उलट्या छत्र्यांच्या जेलीफिश. पेपर प्लेटचे खेकडे. जुन्या निळ्या साड्यांच्या लाटा. एक टीचर म्हणाल्या, "मागच्या वर्षीचे फुगे उरलेत, ते लावून टाकू." "ते लाल आहेत." "मग सूर्यास्त म्हणू!" सगळ्या हसल्या.

माझ्याकडेही एक कल्पना होती. प्रवेशाच्या लांब कॉरिडॉरवर छताखाली खरंखुरं मासेमारीचं जाळं ताणायचं आणि त्यात प्रत्येक मुलाने केलेला एक मासा अडकवायचा. चिप्सच्या रिकाम्या पाकिटांचे, लग्नपत्रिकांचे, बटणांचे मासे. म्हणजे आई-बाबा आत येताना माना वर करून आपल्या मुलाचा मासा शोधतील. हे मी बोलले नाही. रात्री कागदावर चित्र काढलं आणि सकाळी नाव न घालता सुपरवायझर मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

"हे कोणाचं? मस्त आहे!" मॅडमनी कागद उंच धरला. मी माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले.

"आमच्या क्राफ्टवाल्यांपैकीच कोणाचं तरी असणार," क्राफ्टच्या टीचर म्हणाल्या, आणि ते तसंच ठरलं.

जाळं कुठून आणायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण क्राफ्टरूम पुसायला येणाऱ्या मावशी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या होत्या आणि शाळेत माझं थोडंफार बोलणं व्हायचं ते फक्त त्यांच्याशी. खरं तर त्याच बोलायच्या. "मिस, आज बी भेंडीच? आयशीला सांगा, पोरीला जरा मासं द्या." मी हसले की त्या फडकं पिळत आणखी काहीतरी सांगायच्या.

"जालं हाय की घरी," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्याचं. पन ते कोनाला हात लावू देत नाय त्याला. बगते इचारून."

दोन दिवसांनी त्या ते गोणीत भरून घेऊन आल्या. फेकायचं गोल जाळं. क्राफ्टरूमच्या फरशीवर पसरल्यावर ते खोलीभर झालं. कडेने एका सलग दोरीत शिशाचे लहान लहान मणी ओवून दाबून बसवलेले होते. मावशींनी मला उकिडवं बसवलं आणि ती कड हातात दिली.

"हे शिसं हाय ना, याच्यामुलं जालं तलाला जातं. शिसं नाय तर जालं पान्यावर तरंगल नुसतं, आनि मासं खालून हसत जातील." त्यांनी बोटाने दोन मण्यांमधलं अंतर दाखवलं. "ही कड सासऱ्यांनी सोता ओवलीय. म्हैनाभर बसले होते. रईवारी भरतीला जायला लागंल त्यांना, तवर परत द्या. त्यांना दुसरं काय हाय आता? तुमी हाय ना तिथं? मंग मना टेन्शन नाय."

मी मान हलवली.

कार्यक्रम शनिवारी होता. शुक्रवारी दुपारी मंडपवाला शिडीवर चढला. जाळं दोनदा वर बांधलं आणि दोनदा एका बाजूने सटकलं. "मॅडम, बहुत भारी है," तो वरून ओरडला. "बच्चों के सर पे आएगा."

सुपरवायझर मॅडम कानाला फोन लावून आल्या. जाळ्याची कड चिमटीत धरून बघितली. "या मण्यांचं वजन आहे. कापून टाका. नाहीतरी काळपट दिसतायत." आणि कात्री माझ्या हातात दिली, कारण जाळ्याजवळ मी बसले होते.

मी तोंड उघडलं. म्हणायचं एवढंच होतं की हे मणी म्हणजेच जाळं आहे, दुसरी दोरी बांधून बघू, उद्या हे परत द्यायचंय. पण मॅडम साउंडवाल्याशी बोलायला लागल्या होत्या. मंडपवाला शिडीवर ताटकळला होता. क्राफ्टच्या टीचर म्हणाल्या, "अगं, कर ना पटकन, अजून स्टेज बाकी आहे."

मी कापलं. मणी दोरीवर दाबलेले असल्यामुळे ते ओढून निघत नव्हते. प्रत्येक दोन मण्यांमध्ये दोरी तोडावी लागली. काही ठिकाणी घाईत जाळीचे डोळेही कापले गेले. मणी मी खडूच्या खोक्यात टाकत होते आणि मनाला सांगत होते की नंतर बसून परत ओवीन. अर्ध्यावर आले तेव्हा कळलं की हे ओवता येणार नाही, दोरीच उरली नव्हती. तरी मी थांबले नाही. अर्धवट कापलेलं जाळं दाखवून काय बोलणार होते?

शनिवारी कॉरिडॉर खरोखर सुंदर दिसला. बाबा लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे होते. "तो बघ, तो माझा! चिप्सवाला!" सगळे मॅडमना सांगत होते, काय आयडिया आहे. मला लोकांचे ग्रुप फोटो काढायचं काम होतं. माझ्या हातात एकामागून एक अनोळखी फोन येत होते आणि मी "जरा जवळ या" असं हाताने खुणावत होते. मध्ये एकदा माझ्या फोनवरही एक फोटो काढला आणि आईला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

मग मावशी आल्या. काठाची साडी, केसांत अबोली. सोबत त्यांचे सासरे, पांढरा शर्ट घातलेले, बारीक अंगाचे. "बगा बाबा, तुमचं जालं," मावशी कौतुकाने म्हणाल्या. सासऱ्यांनी वर बघितलं. माशांकडे नाही. त्यांची नजर कडेने एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू गेली.

"शिसं कुटं हाय?"

"काडून ठेवलं आसंल," मावशी म्हणाल्या, पण त्यांनीही आता नीट वर बघितलं.

मॅडम शेजारीच होत्या. "काय झालं, बाबा? अच्छा, ते! मंडपवाल्याने कापलं असेल हो. ही माणसं कुणाला विचारतात का कधी?"

मंडपवाला भिंतीशी वायर गुंडाळत होता. त्याला किती समजलं, ठाऊक नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत वायर गुंडाळायला लागला. म्हातारे त्याच्याकडे बघत होते, रागाने नाही, नुसतेच.

"आमच्या मिस होत्या ना तिथं," मावशी म्हणाल्या. "त्यांना म्हाईत आसंल."

कुणाचा तरी फोन अजून माझ्या हातात होता. तो मी खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हातारबाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"त्यांनी नाही कापलं. मी कापलं, बाबा. शिसं कशाला असतं ते मावशींनी मला सांगितलं होतं, तरी कापलं."