आखाजीचं न्हाणं

सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर, सालानं होतो. आमचं गाव धुळ्याच्या बाजूचं. माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं की सावद्याची पोरं हसायची, म्हणून मी हळूहळू बोलणंच कमी केलं. खांद्यावर पोतं टाकून केळीचे घड वाहायचे, स्टेशनात वॅगनीत उभे रचायचे आणि वखारीतच झोपायचं. सदऱ्याला केळीच्या चिकाचे डाग पडत. ते कितीही धुतले तरी जात नसत.

गावी माय एकटी होती. वडील मी लहान असतानाच गेले. त्या हिवाळ्यात तिच्या गालात आतून जखम झाली. मिशरीनं भाजलं असेल म्हणून तिनं हळद लावून पाहिली. धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र तोंडात बघितलं आणि सरळ मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सर निघाला. आता रोज मशीनखाली किरणांची लाईट घ्यायची, म्हणजे मुंबईत राहणं आलं, औषधं आली, खाणंपिणं आलं.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. मी शेठजींकडे पुढच्या सालाची उचल आधीच मागितली. शेठजी गादीवर बसून सुपारी कातरत होते.

“पैसे ने भाऊ. आईचं काम आहे,” ते म्हणाले. “पण आखाजीला गावी जायचं नाही. त्या दिवशी सगळे पळतात. माझी वॅगन काय मी भरू?”

ना व्याज लावलं, ना कागद केला. त्यांचे उपकार मी आजही मानतो. पण सुरू व्हायच्या आधीच माझं साल खर्चून गेलं होतं.

लाईटच्या आधी डॉक्टरांनी मायच्या गालावर आणि मानेवर जांभळ्या शाईनं चौकोन आखला. लाईट रोज बरोब्बर त्या चौकोनातच पडायला हवी. अर्धी लाईट झाली तेव्हा तिचं तोंड आतून सोलून निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस घरी विसावा घ्या आणि परत या. रेघांना पाणी लावू नका. पुसल्या तर सगळं माप पहिल्यापासून, मुक्काम वाढेल. मुक्काम वाढला असता तर माझ्याकडे गहाण टाकायला दुसरं साल नव्हतं.

मी तिला घरी आणत होतो तेव्हा गाडीत समोरच्या बाईनं विचारलं, “काय हो अक्का, तोंडावर नकाशा कोणी काढला?”

“धुळे जिल्हाना शे,” माय म्हणाली. सोललेल्या तोंडानं तिला हसता येईना.

तिला घरी सोडून निघताना मी म्हणालो, “माय, या साली घागर नको भरू.”

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. भरणाऱ्यानं डोक्यावरून न्हायलंच पाहिजे. घरात वडिलांची घागर भरणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. ती घागर घासायला बसली. मला तीच धास्ती घेऊन सावद्याला यावं लागलं.

आखाजीच्या दिवशी स्टेशनात मी आणि परगावचे दोन हमाल, एवढेच. गावातून झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकू येत होती. घड उचलताना, ठेवताना माझ्या डोळ्यांपुढे एकच यायचं: न्हाणीतला दगड, मायच्या डोक्यावरून ओतलेला तांब्या आणि मोरीतून जाणारं जांभळं पाणी.

पुढं मुंबईला जायला ती चाळीसगावच्या फलाटावर मला भेटली. गालावर पदर होता. मी तो बाजूला केला. जांभळी रेघ एकही उरली नव्हती.

“माय! न्हायलीस ना तू?”

“मंग? तुना बाप पानीबिगर राही का?”

 तिनं माझा हात धरून गालाला लावला. हाताला बारीक खरखर लागली. निरखून पाहिलं, तर गालावर-मानेवर हिरवे-काळे चार ठिपके.

“आखाजीनी गोंदनारी येल व्हती. तिले सांगं, न्हावाना पहिले चारी कोपरास्ले टोच. तुना सदराना डाग जातस का कधी? तसंच हाई.”

डॉक्टर आधी चांगलेच तापले. “सोललेल्या कातड्यात सुई? पिकलं असतं म्हणजे?”  मग त्यांनी मापाचा जुना कागद काढला आणि मोजपट्टी लावली. तीन ठिपके जागेवर होते. मानेवरचा चौथा सरकला होता. तिथं कातडं लाल होतं म्हणून गोंदणारीनं हात आखडता घेतला होता. डॉक्टरांनी तेवढा कोपरा पुन्हा मोजला आणि रेघा ओढल्या.

“उद्यापासून लाईट,” ते म्हणाले.

शेठजींनी जेमतेम जाण्यायेण्यापुरती रजा दिली होती. वॉर्डातल्या खाटेवर मायला बसवलं. 

“जाय. तुनी गाडी चुकी जाई,” ती म्हणाली. दारातून वळून पाहिलं तर ती शेजारच्या खाटेकडे पाहत होती. तिथं कोणी नव्हतं.

उरलेली लाईट तिनं एकटीनं घेतली. परत येतानाही गावचा कोणीतरी सोबतीला होता, मी नव्हतो. मी गावी गेलो ते पुढच्या आखाजीला, साल फिटल्यावर.

ती पहाटेच न्हायली होती. घागर भरून झाली होती. तिनं माझ्यापुढं गरम सांजोऱ्यांचं ताट ठेवलं. स्वतः एक तुकडा दुधात भिजवला, बराच वेळ तोंडात धरला आणि वाटी बाजूला सारली. लाईटनं तिच्या तोंडातली लाळ आटली होती. जबडाही पुरता उघडत नव्हता.

“तू का थांबना?” ती म्हणाली. “तू खाय. मी दखस.”

ती माझ्यासमोर बसून राहिली, आणि मी एकटाच जेवलो.